बहुलक हिरवा

वैशाखातला शनिवार, महालातलं दुकान,
कूलरमधला वाळा सुकत चाललेला,
आणि प्रणालीचा सुट्टीतला प्रकल्प:
दिवसभरात कुठल्या रंगाच्या किती डझन.

गल्ल्याशेजारी बसून ती रेघा ओढते,
चार उभ्या, पाचवी त्यांच्यावर आडवी.
मी म्हटलं, फुटल्या त्या मोजतेस का?
भरताना तीन गेल्या, दोन हिरव्या, एक मरून,
त्यांचे पैसे कोणी दिले नाहीत.
तिने पेन्सिल चावली.
पुस्तकात फुटल्याचा रकाना नव्हता.

रात्री शटर अर्धं ओढून बेरीज. बहात्तर डझन.
हिरवा सव्वीस, लाल अठरा, मरून बारा,
सोनेरी नऊ, मल्टी सहा,
काळा एक.

मग सरासरी किती आली, मी विचारलं.
ती हसली, ढोबळे सरांच्या थाटात:
रंगांची काहून निघंल सरासरी, बाबा?
हिरव्यात लाल मिळवून दोनाने भागाल काय?
ज्याच्यामागे जास्त रेघा, तो बहुलक.

तर त्याला बहुलक म्हणतात.
बावीस वर्षं माझा हात
मान न वळवता जिथे जातो,
खालून दुसरी फळी, डाव्या अंगाला,
ती माझ्या बाबांनी ठरवलेली, त्यांच्या आधी त्यांच्या बाबांनी.
तीन पिढ्या आम्ही बहुलक कमरेच्या उंचीवर मांडत आलो
आणि शब्द आज कळला.

कर्कटकाचा स्क्रू हरवलेला.
मी दोन-आठची एक बांगडी काढून दिली,
ती कागदावर दाबून तिने पेन्सिल फिरवली.
वर्तुळ झकास. मग अडली.
केंद्र कुठाय?

बांगडीला मध्य नसतो, पोरी,
तिथे मनगट असतं.

तिने वर्तुळ कापलं, दुमडलं, पुन्हा दुमडलं,
घड्या जिथे एकमेकींना छेदून गेल्या
तिथे टिंब दिलं.

डझनाला पाच अंश.
हिरवा एकशे तीस, लाल अगदी काटकोन,
मरून साठ, मल्टी तीस,
सोनेरी पंचेचाळीस अंश.
दुपारी बाहेरही तेवढंच होतं,
सोनेरी घेणाऱ्या बाया
डोळे सोडून सगळं तोंड दुपट्ट्यात बांधून आल्या होत्या,
एकीने आधी पाणी मागितलं, मग बांगड्या.

राहिला काळा.
दोन रेघा इतक्या जवळ
की मधे खडूचं टोक शिरेना.
सर म्हणतात, अशी बारकी फोड
'इतर'मधे टाकून द्यायची.
पण हा तर एकटाच आहे, ती म्हणाली,
याला इतर म्हटलं काय न् काळा म्हटलं काय,
मग काळाच म्हणू ना.

मी त्या पाच अंशांना ओळखतो.
कामठीहून येतात, दर वर्षी याच आठवड्यात,
ऊन उतरल्यावर, दुकान रिकामं बघून.
एकच डझन, काळ्या, दोन-बारा.
एवढं माप कोणी ठेवत नाही, मी वेगळं मागवतो.
भरून घेत नाहीत, भाव करत नाहीत.
पुडकं शर्टाच्या आत सरकवतात
आणि वरचं बटण लावतात.
कोणासाठी, हे मी कधी विचारलं नाही.
या धंद्यात माप हातावरूनच कळतं,
आणि पुडक्यासाठी पुढे आलेला हात
दोन-बाराचा होता.

हे प्रकल्पात कुठे लिहायचं
ते मला माहीत नाही. तिलाही सांगितलं नाही.
तिने काळ्या पेनाने ती फट भरली,
शाई जराशी लालमधे उतरली.
झालं, म्हणाली, तीनशे साठ,
आणि टेबलावरच डोकं ठेवून झोपली.

बांगडीच्या कडेला शिसं लागलं होतं.
फडक्याने पुसली, अकरांवर बारावी ठेवली.
मग स्टूल ओढलं, सगळ्यात वरच्या फळीपर्यंत चढलो,
पुढच्या वर्षीचा डझन आहे का
ते बघायला.