दीड दात

फोंडूनं फोनवर एवढंच विचारलं, "येऊन एकदा बघतोस?"
बघायला काय जातं.
कुडचड्याहून रिवणला स्कूटरवर,
पिशवीत हातोडी, पेचकस, बॅटरी
आणि उत्तर घरूनच घेतलेलं: नाही.

काजूच्या भाटात, उतरणीकडे नाक करून,
शक्तिमान.
फौजेनं लिलावात काढलेला,
फोंडूच्या बापानं खाणीवर राबवलेला,
खाण थांबली त्या दिवशी जिथं थांबला तिथंच.
दरवाजा नखानं खरवडला.
वर तांबडी धूळ, रंगासारखी मुरलेली.
खाली निळा, कुणाच्या तरी हौसेचा.
त्याखाली हिरवा,
अजून अंग न सोडलेला.
नंबरपाटीवर वर टोक केलेला बाण
काजूच्या फांदीकडे बोट दाखवत
बारा पावसाळे.

हातोडीनं चासी वाजवत गेलो.
डावीकडे ठण्. ठण्. ठण्.
खोटं बोलत नव्हतं लोखंड.
उजवी बाजू मातीत रुतलेली,
तिथला आवाज भोपळ्यावर टिचकी मारल्यासारखा.
पेचकस नुसता टेकवला
आणि तो मुठीपर्यंत आत गेला.
हौद्याच्या फळ्या वाळवीनं वाचून संपवलेल्या.
सीटखाली कोंबडीची तीन अंडी, ऊन.

खडूनं दरवाज्यावरच हिशेब मांडला:
टायर, एकही धड नाही.
पंप. इंजेक्टर. ब्रेकचं सगळं.
उजवा गर्डर नवा, वेल्डिंगवाला माझा ओळखीचा.
तीन लाख सत्तर.
माझी मजुरी त्यात नव्हती.
हे फोंडूच्या लक्षात आलं. माझ्या नंतर.

भंगारवाला किलोवर मागतो, म्हणाला.
आणि कळंगुटचा सेबी येऊन गेला,
त्याला हॉटेलासमोर उभा करायचाय,
वर झाडपाल्याचा रंग, मागे बिअरचे क्रेट.
"चालत नाही तेच बरं," म्हणाला सेबी,
"कोण चोरून नेणार?"

एवढ्यात त्याची माय सूप घेऊन आली
आणि बॉनेटवर भिरंडांची सोलं पसरू लागली,
बोटांनी एकेक, पाठ वर, पोट खाली.
मी पाहिलं: पत्रा जांभळा-काळा पडलेला,
मीठ आणि आंबट, वर्षानुवर्षं.
बोलायला हवं होतं मी, त्या पत्र्याच्या वतीनं.
ती म्हणाली, "व्हरूंक जाय जाल्यार व्हर.
पयलीं सोलां सुकूं दी."
घरात दुसरं काहीच इतकं तापत नाही, हे तिनं सांगितलं
जसं कुणी जावयाचा गुण सांगावा.

मी उत्तर दिलं: नाही.
लोखंडापेक्षा लोभ जास्त लागेल, फोंडू.
सेबीला दे, पैसे तरी येतील.
मग उगीच, म्हणजे खरंच उगीच,
इंजेक्टर काढले
आणि सहाही भोकांत डिझेल ओतलं.

पुढच्या रविवारी परत गेलो,
हातोडी तिथं राहिली होती म्हणून.
दोन हातोड्या आहेत माझ्याकडे.

फ्लायव्हीलच्या दातांत पहार घातली.
फोंडूनं श्वास धरला, मी शिवी.
काही नाही.
परत.
काही नाही.
मग आत कुठंतरी खोल
गाढ झोपेतल्या माणसानं कूस बदलावी तसं काही,
आणि दात सरकला.
खडूची खूण केली होती, मोजलं.
एक. आणि अर्धा.

"म्हणजे हो का नाही?" फोंडू.
मी हात चिंधीला पुसले,
बॉनेटवरचं एक सोल तोंडात टाकलं:
आंबट, खारट, शेवटी लोखंड.
दरवाज्यावर तीन लाख सत्तर तसाच होता,
पावसाला अजून अवकाश.

"डिझेल उरलंय?"
नव्हतं. तो कॅन घेऊन स्कूटर काढू लागला.
माय आतून ओरडली,
सोलांवर सांडलात तर बघा.