सापाचा जमाखर्च

डॉर्सेटमधल्या कोम्ब फिंच गावी
लोकरबाजाराच्या माळ्यावर
दोन खोल्यांचं संग्रहालय आहे.
गुरुवारी उघडं. किल्ली खाटकाकडे.

आत, खुंटीला टांगलेला, एक साप:
अक्रोडाचं लाकूड, वर काळं कातडं,
वेटोळ्यांवर सहा भोकं.
शेपटीत फुंकायचं,
आवाज तोंडातून.

मी म्हटलं, आमच्याकडे सापापुढे पुंगी वाजवतात,
तुम्ही सापाचीच पुंगी केलीत.
खाटीक हसला नाही. विल्फ प्राउस त्याचं नाव.
म्हणाला, वही बघा.

वही चर्चच्या जमाखर्चाची. शाई विटून तपकिरी झालेली.
१८३४. सापाला नवं कातडं, साडेतीन शिलिंग.
१८३९. सापाला तेल, चार पेन्स.
१८४१. सापवाल्याला बिअर,
आकडा खोडून पुन्हा वाढवलेला.
आणि समासात वेगळं अक्षर,
बहुधा वरून आलेल्या तपासनिसाचं:
देवाच्या घरी हा प्राणी कशाला पोसता?

सापवाला जेबेझ ट्रिम. एरवी छपरं शाकारायचा.
चर्चच्या मागच्या सज्ज्यात दोन फिडली, एक क्लॅरिनेट,
आणि सगळ्यांच्या पायाखाली जेबेझचा खर्ज,
अर्धा देवाचा, अर्धा गाभण गाईचा.
भोकं पाडलेली बोटांच्या सोयीनं, सुरांच्या नाही.
उरलेलं ओठांनी सांभाळून घ्यायचं,
घरात कुणीतरी एकजण घेतं तसं.

विल्फनं मलाही फुंकू दिलं.
नुसती हवा.
दुसऱ्यांदा खिडकीची काच जराशी थरथरली,
तेवढ्यावर आम्ही दोघं खूश.

१८५२. नवे पाद्री, त्यांच्या सामानाची गाडी, सहा शिलिंग.
१८५२. पेटी एक, लंडनहून, अकरा पौंड.

पेटी! ती ओळ मी दोनदा वाचली.
ही पायभात्याची. हिचीच धाकटी बहीण
सांगलीत माझ्या मांडीला लागून बसायची,
काळी चारमध्ये मी तिच्यामागून अलंकार घोकायचे.
तिलाही आपण तीस वर्षं रेडिओबाहेर उभं केलं होतं:
म्हणे, हिला मींड येत नाही.
आणि इथं तिच्यापायी बाहेर गेला तो,
ज्याला सगळी मींडच येत होती,
स्थिर सूर तेवढा येत नव्हता.

जेबेझ भांडला नाही.
विल्फला त्याची मावशी सांगायची, मावशीला आणखी कुणी:
रविवारी प्रार्थना सुरू झाली
की तो ओढ्यापलीकडच्या कुरणात जाऊन
तोच जुना खर्ज धरायचा.
गाई जमायच्या.
आत पेटी, बाहेरून पाव सूर उतरलेला साप,
मधल्या बाकांवरची माणसं कुठल्या सुरात गायची,
ते वहीत नाही.

वहीत एवढंच:
१८५३. पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला, दुरुस्ती, दोन शिलिंग.
१८५४. भाता, पुन्हा. अडीच.
१८५५. उंदीर.
त्याखाली आकडा नाही, सही नाही,
छपरावरून उतरून आलेल्या हातानं लिहावी
तशी जाड, वाकडी ओळ:

साप होता तेव्हा नव्हते.