सहाचा पत्रा

फैजपूरच्या शाखेत दाराशी एक निळा फळा आहे,
वर पांढऱ्या अक्षरांत : ठेवींवरील व्याजदर.
खाली खिळे, खिळ्यांवर टिनाचे इंग्रजी आकडे.
एकवीस वर्षं ते मीच बदलतो.
नामदार तडवी, शिपाई.

नऊ आणि सहा हा एकच पत्रा,
भोकं दोन्ही टोकांना.
कुठल्या पेंटरला सुचलं कोण जाणे,
बँकेचे तेवढेच चाळीस रुपये वाचले.

मुंबईत सहा माणसं तीन दिवस एका खोलीत बसतात.
मग त्यांतला एक टीव्हीवर येतो
आणि म्हणतो, पाव टक्का.
पाव म्हणजे नखातल्या मळाएवढा.
तो घरंगळत येतो मुख्यालयातून, विभागातून,
परिपत्रक होऊन भंगाळे साहेबांच्या टेबलावर पडतो,
आणि मी स्टूल शोधायला लागतो.

साहेब समजावतात :
हे हतनूरसारखं आहे, नामदार.
भाव चढले की दरवाजे खाली, पैसा अडवायचा.
बाजार सुकला की दरवाजे वर.
मी मान हलवतो.
पण माझी सासुरवाडी धरणाखालची आहे, साहेब.
तिथं कुणाची विहीर भरते
आणि कुणाच्या वांग्यांची वाफं वाहून जातात,
पाणी एकच.

दर उतरला त्या आठवड्यात
मुश्ताक पिंजारीनं पेढे वाटले.
केळीच्या ट्रकचा हप्ता अकराशेनं हलका झाला होता.
दुसरी गाडी घेतो म्हणाला. घेतली.
तिच्यावर माझा भाचा ड्रायव्हर लागला.
पेढा खोटा नव्हता.

त्याच आठवड्यात इंदुमती नेहेते बाई आल्या,
पिशवीत रुमाल, रुमालात पासबुक.
बाईंची शाळा विनापेन्शनची.
नवाचा पाढा त्या आम्हाला खालून वर म्हणायला लावायच्या :
नव्वद, एक्याऐंशी, बहात्तर…
मीच पायऱ्या चुकायचो.
आता त्या स्वतः उतरतायत, न चुकता :
आधी पेपर बंद केला,
मग दूध अर्धा लिटर,
मग रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड.

फेब्रुवारीत बजेट लागतं.
समोरचा सराफ काउंटरवर टेकून सोन्याचा कर ऐकतो,
कंत्राटदाराचा मुनीम रस्त्याचे कोटी ऐकतो.
चौपदरीला पैसा सुटला की
नाक्यावरच्या टपरीत दोन पोरं वाढतात, हे मी पाहिलंय.
बाई विचारतात, म्हाताऱ्यांचं काय म्हणले?
मी आवाज मोठा करतो.
तोवर बोलणारा पुढच्या पानावर गेलेला असतो.

परवा दुपारी साहेब जेवायला गेले होते,
शटर अर्ध्यावर.
बाई फळ्यासमोर उभ्या.
म्हणाल्या, नामदार, एकडाव नऊ करून दाखव ना मले.
बाई, असं कसं?
फक्त पाहू दे रे.

चढलो. पत्रा फिरवला.
बाईंनी चष्मा पदरानं पुसला.
ओठ हलायला लागले.
किती लाख, किती महिने, किती गोळ्या, मला कळलं नाही.
वर्गात असाच हिशेब करायच्या,
आणि आम्ही गप्प बसायचो.

तेवढ्यात शटरखालून वाकून मुश्ताक आत आला.
फळा पाहिला, पांढरा पडला.
कधी वाढला? आज? कर्जाचा पण?
अरे, नाही रे बाप्पा, पत्रा पुसू राह्यलो.

तो बाकावर बसला.
बाई वळल्या.
तोही त्यांचाच विद्यार्थी, मागच्या बाकावरचा.
हप्ता किती रे तुझा?
एकोणतीस हजार, बाई. दोन गाड्यांचा.
आणि हा आकडा खराच असता तर?
मुश्ताक काही बोलला नाही.
बाई त्याच्या शेजारी बसल्या
आणि बोटांच्या पेरांवर मोजायला लागल्या,
आता त्याचं.

मी स्टुलावरच.
पत्रा हातात काढून घेतला होता,
कुठल्या बाजूनं धरला होता
ते पाहिलं नाही.