मागेपुढे

दोनशे चाळीस डॉलर. घासाघीस केली नाही.
हार्डवेअरच्या दुकानात, बर्फ उपसायच्या फावड्यांमागे
ती टेकून उभी होती, गळ्यात सुतळीने बांधलेली चिठ्ठी:
'पंप रायफल. थर्टी-ऑट-सिक्स. खुळखुळते, पण चालते.'
माझ्याबद्दल कुणी याहून बरं लिहिलं नसतं.
फॉर्म भरला. एल्डन शूप, लाकडाची गिरणी, वय एकावन्न.

खुळखुळते ती नळीखालच्या लाकडापाशी.
ते मागे ओढायचं, पुढे ढकलायचं:
रिकामं काडतूस बाहेर, भरलेलं आत.
त्या लाकडावर एका जागी अंगठ्याएवढा खळगा,
वॉर्निश उडून हाडासारखा गुळगुळीत.
माझा अंगठा तिथवर पोचत नाही,
दोन बोटं अलीकडेच थांबतो.
कुणी लांब हातांचा माणूस
चाळीसेक हिवाळे इथे धरून उभा होता.

रविवारी खडीच्या खाणीत कागदी ताटली ठोकली.
शंभर यार्ड. खांद्याला दणका, कानात शिट्टी,
उडालेलं पितळ चर्र करून बर्फात बुडालं.
पहिली गोळी डावीकडे. दुसरी डावीकडे.
तिसरी पहिलीच्या शेजारी, भेटायला गेल्यासारखी.
म्हणजे बंदूक चुकत नव्हती.
कुणाच्या तरी डोळ्याला ती अगदी सरळ होती.

स्क्रूड्रायव्हर खिशात होता. मागची खाच सरकवायची, एवढंच.
सरकवली नाही. परत जाताना दुकानात विचारलं, कुणाची?
'मर्ल क्लाइनफेल्टरची. ओढ्यापलीकडे, हिरव्या छपराचं घर.
आर्वा आहे अजून. मागेपुढे कुणी नाही.'

आर्वाने दार उघडलं. कोपरापर्यंत पीठ.
'वेल्डिंगच्या ठिणगीने उजवा डोळा गेला त्याचा.
मग मान वाकडी करून डाव्याने नेम धरायचा.
चर्चमध्येही तसाच बसायचा,
पाद्रीबाबा प्रवचन आटोपतं घ्यायचे.'
हात पुसले तिने, बराच वेळ.
'आणलीयस?'
'ट्रकमध्ये आहे.'
'रिकामी?'
'रिकामी.'
'मग आत आण, आणि वाजव.'

स्वयंपाकघरात, फ्रिजला पाठ लावून,
मी लाकूड मागे ओढलं, पुढे ढकललं. खळ्-खट्ट.
'चारदा,' ती म्हणाली.
'अंधार पडला की पोर्चवर रिकामी करायचा.
चारदा वाजली की समजायचं, आज कुणी मेलं नाही,
आणि हा घरी आला.'
मी आणखी तीनदा वाजवली.
ती वळली आणि नुसत्याच सवयीने
रिकाम्या पातेल्याखाली गॅस पेटवला.
मग आम्ही दोघंही त्या पातेल्याकडे बघत राहिलो.

मोसमाचा पहिला दिवस. पहाटे उणे बारा.
हेमलॉकच्या झाडाला टेकून सहा तास,
थर्मासमधली कॉफी संपली, पायांची बोटं
आहेत की नाहीत हे आठवून ठरवावं लागलं.
आणि मग तो आला. आठ टोकांची शिंगं, नाकातून वाफ,
ऐंशी पावलांवर, कुणाची वाट बघत असल्यासारखा.
नेम उजवीकडे धरायचा, हे मी
आठवडाभर स्वतःला बजावलं होतं.
आठवडाभर.
डावीकडच्या बीचच्या खोडाचं साल उडालं.
हरणाने माझ्याकडे एकवार पाहिलं, आणि जंगल मिटलं.

उतरताना वाट ओढ्याशीच येते,
हिरवं छप्पर टाळून जाता येत नाही.
आणि भरलेली बंदूक घेऊन ट्रकमध्ये बसता येत नाही.
तिच्या पोर्चवर, नळी अंधाराकडे करून
मी लाकूड ओढलं. ढकललं.
एकदा. दोनदा. तीनदा.
तीन काडतुसं फळीवर पडली. चौथं नव्हतंच.

आत लगबग. खुर्ची सरकली.
वरच्या फळीवरून काहीतरी जड, लोखंडी खाली आलं.
ती मोठी कढई होती. आता तिला सांगायचं कसं?

दार उघडलं. तिने माझे हात पाहिले,
माझ्यामागचा बर्फ पाहिला, त्यावर ओढल्याची
एकही खूण नव्हती.
'डावीकडे?' तिने विचारलं.
मी मान हलवली.
'अंडी चालतील?'