गुलाबी मगर

तीन ओळींची फाइल होती.
पहिलीत नाव, दुसरीत कुणाकुणाचे आभार,
तिसरीत : बाकीचं सोपं आहे.

त्या ‘बाकीचं’मध्ये माझा अख्खा मार्गशीर्ष गेला.

मला फार काही नको होतं.
गेममध्ये एक नदी आहे, परदेशातली, स्वच्छ,
काठावर दिवे, एक होडीवाला,
आणि पाण्यात कुणीच नाही.
बडोद्यात वाढलेल्या माणसाला हे पटत नाही.
आमच्या विश्वामित्रीला डोळे असतात.
पूर आला की मगर सोसायटीच्या फाटकापर्यंत येते,
वॉचमन खुर्चीवर पाय वर घेऊन बसतो
आणि गच्चीवरून लोक त्याला सल्ले देतात.
तर एक मगर. एवढंच.

दिवसा मकरपुऱ्यात दुसऱ्यांची बिलं जुळवायची,
रात्री दांडिया बाजारात, भांडी आवरली की
हे.
टूल उघडेना. उघडलं तर त्याला गेम सापडेना.
सापडला तर गेम फार नवा,
जुना आणला तर त्याला हवी त्याहून जुनी कसली तरी लायब्ररी,
म्हणजे पाहुण्याबरोबर पाहुणा
आणि त्याचा वेगळा पथ्याचा डबा.
जिगरनं त्याचं पडून असलेलं ग्राफिक कार्ड दिलं,
म्हणाला, “चालशे, बेन.”
चाललं नाही.

लाल अक्षरं यायची, भरभर, वर सरकून जायची.
त्यात एक ओळ कायमची :
चार चौकोन, एक फट, पाच चौकोन.
मी तिच्याकडे बघणंच सोडून दिलं होतं,
भिंतीवरच्या ओलीकडे बघणं सोडतो तसं.

“काय करतेस गं इतका वेळ?”
“मॉड.”
“मोडतेयस?”
“सध्या तरी तेच.”
आईनं ओल्या फडक्यात मटकी बांधली, ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली.
“मोड हे असे. बांधायचं आणि सारखं उघडून बघायचं नाही.”
मी दर दोन मिनिटांनी उघडून बघत होते.

खालचे वामनकाका कर्णिक
चुकून आमच्याकडे आलेलं वीजबिल न्यायला वर आले.
दफ्तरखान्यातून निवृत्त, अजूनही लोक
जमिनीचे मोडी कागद घेऊन त्यांच्या दारात उभे असतात.
चष्मा कपाळावर, नाक स्क्रीनला.
“हे काय लिहिलंय?”
“काही नाही, काका. चौकोन आहेत.”
“काही नाही असं कुणी लिहीत नाही.”
मोजले. बोटानं, काचेवर ठसे उमटवत.
“या यंत्राचं नाव काय?”
आईनं पहिल्या दिवशी घातलेलं नाव : घरचा संगणक.
“काना धरून चार. अनुस्वार धरून पाच.
तुमचं घर त्याला वाचता येत नाही, बाई.
आणि ही मधली फट?”
“तीही बहुतेक नको असेल.”
“मग मोडीच की ही. आधी रेघ, आणि खाली शब्द सलग.”
बिल घडी करून खिशात, आणि गेले.
चहासुद्धा नाही.

सी ड्राइव्हच्या तोंडाशी नवं फोल्डर.
इंग्रजीत, पाच अक्षरं, सलग : मगर.
सगळं तिथे हलवलं.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी ती आली.
शेपटीकडून.
पाण्याच्या वीतभर वर, हवेत,
आणि अशी गुलाबी, जशी फक्त बर्फाच्या गोळ्यावरची सरबतं असतात.
होडीवाला तिच्या पोटातून वल्हवत गेला,
त्याला काहीच झालं नाही, तिलाही.

माझ्या ओरडण्यानं आई उठून आली. उभी राहून बघितलं.
“आपल्याकडच्या मातकट असतात.”
“रंगाची फाइल सापडत नाहीये.”
“बरं,” म्हणाली, आणि बसलीच शेजारी.

ती गेल्यावर मी तीन ओळींची फाइल उघडली,
तिसरी ओळ खोडली.
फोल्डरच्या नावात फट नको, लिहिलं.
चौकोन दिसले तर मोजा, लिहिलं.
मगर आली तर पहिल्यांदा गुलाबी येते.
घाबरू नका.