आधी जित्ते

सारंगखेड्याला, दत्तजयंतीच्या आदल्या रात्री,
तापीवरून वारा सुटलेला, घोडे झुली पांघरून उभे,
मी हिलालमामाच्या राहुटीत
बाजेवर दात मांडून बसले होते.
दात म्हणजे साचे. राळेचे, फिक्कट,
सुपारीच्या खांडाएवढे.
कोआलाचे.

मामाला फोटो दाखवला : झाडाला बिलगलेलं,
कान उललेल्या बोंडासारखे.
"अस्वलनं पिल्लू?"
नाही मामा. हे पोटाच्या पिशवीत पोर वाढवतं
आणि जन्मभर निलगिरीचा पाला खातं.
"आपला पाटवरला निलगिरीले तर
बकरी बी तोंड लावत नही,"
म्हणाला, आणि विडी शिलगावली.

एक साचा वेगळ्या डबीत होता,
खाली कापूस, वर माझ्या अक्षरातली चिठ्ठी.
तिकडच्या एका आटलेल्या तळ्याच्या गाळातला,
दीड-दोन कोटी वर्षांचा, एकुलता, कोपरा उडालेला.
त्याच्या दोन चंद्रकोरींच्या मध्ये
एक जास्तीची दुमड होती.
त्या दुमडीवर मी अख्खी जात उभी केली होती.
नावही ठरलं होतं.
ते आता सांगत नाही.

मामानं दात कंदिलाशी धरला, फिरवला,
चाळीस वर्षं बाजारात घोड्यांची वयं वाचलेली नजर.
"कितला देखात तू असा?"
हा एकच.
"आनि आज जित्ता शेतस, त्यास्ना?"
सहा. सात.
मामा काही बोलला नाही. बॅटरी घेतली.

बाहेर दोन शिंगरं एका दाव्याला.
"बाप एक. माया सख्ख्या बहिनी.
एकच सावनमा जलमनात."
एकाचा ओठ अंगठ्यानं वर केला, मग दुसऱ्याचा.
एकाच्या दाताला खोल खाच, शाईनं काढल्यासारखी.
दुसऱ्याचा सपाट, टाकी न लावलेला पाटा.
शिंगरानं माझ्या बाहीवर लाळ पुसली.
"पह्यले जित्ता मोज," मामा म्हणाला,
"मंग मरेलस्ना हिसाब कर."

परत गेल्यावर संग्रहालयाचे खण उघडले.
एकशे सात कवट्या.
उत्तरेकडच्या लहानखुऱ्या, दक्षिणेकडच्या दांडग्या,
मोटारीखाली आलेल्या, वणव्यात होरपळलेल्या,
आणि काही नुसत्या म्हाताऱ्या :
दाढा झिजून गेल्या, पाला चावेना,
भरल्या झाडावर उपाशी मेलेल्या.
लांबी, रुंदी, दुमडी. लांबी, रुंदी, दुमडी.
डोळ्यांत पाणी यायचं ते भिंगामुळे,
असं मी सांगत असे.

एकसष्टाव्या कवटीत सापडली.
डाव्या दाढेत तीच दुमड, तशीच वळलेली.
उजव्या दाढेत काहीच नाही.
एकाच तोंडात
डावीकडे माझी नवी जात,
उजवीकडे रोजचा कोआला,
आणि दोन्हींनी मिळून चावलेला एकच पाला.

त्या रात्री वहीतलं नाव खोडलं.
शोक कुणाचा करायचा, कळेना.
ती जात नष्ट झाली नव्हती.
ती नव्हतीच.

पण मग सवयीनं इतर जुने दातही
जित्त्यांच्या मापाशेजारी ठेवत गेले.
बरेचसे आत आले, गर्दीत मिसळले,
जत्रेत हरवलेली पोरं घरच्यांना सापडावीत तसे.
एक आला नाही.
कसाही ठेवा, कितीही सूट द्या,
एकशे सातांच्या कुंपणाबाहेर, लांब,
एकटा.
त्याच्याकडे मी आधी नीट पाहिलंही नव्हतं.
त्याला दुमड नव्हती.

मामाला फोन केला. शिंगरं विकली गेली होती,
खाचेचं दोंडाईच्याला, सपाट दाताचं पार इंदूरला.
सगळं ऐकून घेतलं त्यानं.
"मंग तो एक कोना शे?"
माहीत नाही मामा.
एवढंच, की आता आहेत त्यांच्यातला नाही.
"हां,"
म्हणाला, आणि थांबला.
मागे कुठलंसं घोडं फुरफुरलं.
"त्यानं नाव घाई करीसन ठेवू नको."