काळी वायर

माझ्याकडे कीबोर्ड होता, फ्लॉपीची कुरकुरणारी पेटी,
आणि ट्रंकेएवढा प्रिंटर.
डोळे नव्हते. लाल आकड्यांची सहा घरं, बस.
राजेशमच्या बोर्डाला चित्र काढता यायचं
त्यांच्या काळ्यापांढऱ्या टीव्हीवर,
पण वीज गेली की ते सगळं विसरायचं.

एक आंधळं, एक विसरभोळं,
लग्न लावून टाकू की बे, तो म्हणाला.

एप्रिल. साखर पेठ, पत्र्याखालची खोली,
पंखा बंद, कारण सोल्डरला वारा चालत नाही.
खाली त्याच्या काकांचे चार माग;
चारही एकदम सुरू झाले
की टीव्हीवरचं चित्र अंग चोरायचं.

मंगळवार बाजारातून किलोवर आणलेली टेलिफोनची केबल.
नऊ तारा सोलल्या.
आठांतून अक्षर,
नववीतून एकच प्रश्न, पुन्हा पुन्हा:
तयार आहेस?

मी ए पाठवला, तिकडं चांदण्या.
मी बी पाठवला, चांदण्याच.
तुझी तार चुकली, तुझा प्रोग्रॅम चुकला.
तो तेलुगूत पुटपुटला, मी कन्नडमध्ये,
भांडण मात्र मराठीत केलं,
दोघांनाही नीट लागावं म्हणून.

तिसऱ्या दुपारी त्याची आई
सुपात विड्या मोजत दाराशी बसलेली.
म्हणाली, मी घरी मोजते, ते कारखान्यात मोजतात,
कधी जुळत नाही.
ते कुठनं मोजायला लागतात, देवाला ठाऊक.

मी मीटर उचलला.
माझं शून्य आणि त्याचं शून्य,
मधे पावणेदोन व्होल्ट.
काळी राहिली होती. दहावी.
जिच्यातून काही पाठवायचं नसतं,
नुसती दोघांची जमीन एक करायची.

मग वर्तुळ मागितलं.
वरून खाली, रेघेमागे रेघ,
अंडं आलं.
आम्ही अंड्यालाही टाळ्या वाजवल्या.

त्याच्या बोर्डानं माझ्या प्रिंटरवर
छापलेली पहिली ओळ ही:
येमूल अंबूबाई. विड्या नऊशे. छाट चाळीस.
तिनं चिठ्ठी कनवटीला खोचली,
दुसऱ्या दिवशी कारखान्यात पुढं केली.
कारकुनानं ती उलटून पाहिली,
मागं काही नव्हतं,
आणि वहीत लिहिलं, छाट साठ.

वर्तुळ
आम्ही पुढच्या आठवड्यात गोल केलं.